लोकरीच्या मोज्यात

पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे शाळेला सुट्टी असते,
हे मी बिलिंगच्या खोलीत एकदाच बोलले.
कोरिनची बोटं कीबोर्डवरच थांबली.
"मुलांना? मारायला?"
हरणं, मी म्हटलं. मारायला.
आणि मग खायला, एप्रिलपर्यंत.
हे शेवटचं कुणी ऐकलं नसावं.

तेव्हापासून माझ्या डब्याकडे जरा जपूनच बघतात.
सॉसेज मी घरी खाते,
ऑफिसात चीज-सँडविच.
ड्वाइट रजेच्या अर्जावर सही करतो आणि दोन्ही हात वर करतो,
"तुला नाही म्हणायची आपली छाती नाही बुवा."
सगळे हसतात. मीही.
हसले नाही तर ते आणखी वाईट दिसेल.

डेल्फीन हसत नाही.
तिच्या टेबलावर एकोणीस वर्षांचा भाचा आहे, फ्रेममध्ये,
फ्लिंटच्या एका पेट्रोल पंपावरून घरी न आलेला.
मला ती कधी एका शब्दाने बोलली नाही.
फक्त मी तिच्या मुलीला शनिवारी खेळायला बोलावलं
तेव्हा "बघते" म्हणाली,
आणि त्या "बघते"ला आतून कडी होती.
माझ्याकडे उत्तर तयार होतं,
लोखंडी कपाट, गोळ्या वेगळ्या, किल्ली माझ्या गळ्यात.
सगळं खरं.
त्या फ्रेमसमोर मात्र
विम्याच्या फॉर्मवरच्या बारीक अक्षरांसारखं.

शिवाय किल्ल्या दोन होत्या.

दुसरी बाबांकडे. आर्विड कांगस, वय एक्क्याऐंशी,
बत्तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत,
आता जेवल्यावर विचारतात, जेवण कधी.
ऑक्टोबरात एका रात्री दार वाजलं.
क्लेटन होता, माझा नवरा, रात्रपाळीहून आलेला, किल्ली विसरलेला.
बाबांनी आतून विचारलं, कोण?
त्याने नाव सांगितलं.
कोण?
पुन्हा सांगितलं.
मी जिन्यावरून पाहिलं तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा लागला होता
आणि रायफल दाराच्या दिशेला होती,
माझा बाप तिच्यामागे, पायात एकच स्लिपर,
माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला.

तीन बंदुका एस्कनाबाला भावाकडे गेल्या.
ही एक ठेवली, कारण ही ते मागणार.
तिचा बोल्ट काढला,
त्यांनीच नवव्या वर्षी शिकवला होता, डोळे मिटून काढायला,
आणि लोकरीच्या मोज्यात गुंडाळून
गाडीच्या डिकीत टाकला, वाळूच्या पोत्यामागे.
ते दर रविवारी तिला तेल पाजतात.
"बोल्ट?"
दुरुस्तीला दिलाय, बाबा.
"हां," म्हणतात. "नीट करून आण."

हे सांगू कुणाला?
ऑफिसात सांगितलं तर, बघ, आम्ही म्हणतच होतो.
भावाला सांगितलं तर, ऑफिसवाल्यांनी कान भरले तुझे.
त्याला मी सांगितलंय, जागा पुरत नाही घरात.

डिसेंबरात डेल्फीनची गाडी पार्किंगमध्ये रुतली,
सुपीरियरवरून वारा असा येत होता की दात थंड पडावेत.
मी चाकाखाली टाकायला वाळू काढली
आणि मोजा घरंगळून तिच्या बुटाशी पडला.
तिने उचलला. जड लागला.
"काय आहे?"
मी सांगून टाकलं. क्लेटन, जिना, स्लिपर, सगळंच,
गाडीचं इंजिन चालू, दोघींच्या भुवयांवर बर्फ.
ती मोजा तळहातावर धरून उभी राहिली,
उघडून पाहिला नाही.
मग म्हणाली, "रात्री कितीला उठतात?"
तीनला.
"माझी आई अडीचला."
आणि मोजा तिने स्वतःच्या हाताने मागे ठेवला,
होता तिथे.

शनिवारी तिची मुलगी आली नाही.
मीही पाठवली नसती.

सोमवारी फायली ठेवायला आली, जरा थांबली.
"दाराला वर एक कडी लाव. उंच.
आईला तिथली दिसतच नाही."
बाबा सहा फूट दोन आहेत, मी म्हटलं.
तिने विचार केला.
"मग खाली लाव."